उरलेले हप्ते : ३४८

"मुद्दल फक्त सात हजार चारशे बेचाळीस? साहेब, बँकेतून दुसरं सर्टिफिकेट आणा. यात काहीतरी घोळ आहे."

मार्च २०१३. आमची कंपनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत. करबचतीचे पुरावे जमा करायची शेवटची तारीख होती आणि अकाउंट्समधला पोरगा माझा कागद परत करत होता. वर्षभर दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या खात्यातून घराच्या कर्जाच्या हप्त्याचे १४,६५४ रुपये जात होते. बारा महिन्यांचे झाले १,७५,८४८. त्यातले १,६८,४०६ व्याजात गेले आणि मुद्दलात ७,४४२. मलाही घोळच वाटला. म्हटलं, एक शून्य राहिलं असेल.

घर घेतलं जून २०१० मध्ये. पाथर्डी फाट्याच्या पुढे, तेव्हा रस्त्यावर दिवेही नव्हते. दोन बेडरूम, तिसरा मजला, साडेवीस लाख. एलआयसीच्या दोन पॉलिसी मोडल्या, बायकोच्या पाटल्या मोडल्या, आणि सोळा लाखांचं कर्ज काढलं. व्याज सव्वानऊ टक्के, फ्लोटिंग म्हणजे बदलतं, मुदत वीस वर्षं. मी तेव्हा अडतीसचा. बँकेतल्या बाईंनी जन्मतारीख पाहिली, कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं आणि म्हणाल्या, "बरोबर अठ्ठावन्नला संपतंय, रिटायरमेंटच्या महिन्यात." मला ते इतकं आवडलं की घरी येऊन मी बायकोला तेच वाक्य दोनदा ऐकवलं. नोकरी आणि कर्ज एकाच दिवशी सुटणार. त्या दिवशी किती सह्या केल्या ते मोजलं नाही, पण रिकाम्या चेकवर सह्या करताना हात थोडा जड झाला होता एवढं आठवतं.

तर ते सर्टिफिकेट घेऊन मी शनिवारी अर्धा दिवस बँकेत गेलो. समोरच्या माणसाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. शिल्लक कर्ज १५,६२,४६८. व्याजदर १०.७५. आणि त्याखाली एक ओळ : उरलेले हप्ते ३४८.

मी म्हटलं, २०७ असायला पाहिजेत. तेहेतीस भरले, २४० मधून तेहेतीस गेले की २०७.

"दर वाढला ना साहेब. हप्ता तोच ठेवायचा तर मुदत वाढणार. कॉम्प्युटर आपोआप करतो."

"मला कोणी विचारलं नाही."

"हप्ता वाढवला असता तर तुम्हीच इथे येऊन ओरडला असता."

हे मात्र खरं होतं. दर वाढल्याची पत्रं घरी आली होती. सव्वानऊचे पावणेदहा झाले, मग पावणेअकरा. मी ती वाचून टीव्हीखालच्या खणात टाकली होती, कारण हप्ता तेवढाच होता आणि हप्ता तेवढाच असला की आपल्याला वाटतं, काही बिघडलेलं नाही. पंधरा लाखांवर पावणेअकरा टक्के म्हणजे महिन्याला चौदा हजार नुसतं व्याज. हप्ता साडेचौदा हजार. उरले सहाशे-साडेसहाशे, तेवढेच मुद्दलातून जायचे. तेहेतीस हप्त्यांत मी पावणेपाच लाखांहून जास्त भरले होते आणि कर्ज कमी झालं होतं साडेसदतीस हजारांनी.

बँकेबाहेर शरणपूर रोडला चहाच्या टपरीवर उभं राहून मी मोबाइलवर भागाकार केला. ३४८ भागिले १२, एकोणतीस. एकोणतीस वर्षं म्हणजे मार्च २०४२. मला तेव्हा सत्तरावं लागून वर्ष होत आलेलं असणार. बँक तुमचं वय सांगत नाही, महिने सांगते, आणि महिन्यांत ऐकलं की ते कुणा दुसऱ्याचं वाटतं. तीनशे अठ्ठेचाळीस हा नुसता आकडा असतो. सत्तर म्हटल्यावर मला माझे वडील, नाना, दिसले. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी ते तेव्हा जवळपास सत्तरचेच होते आणि गुडघ्याला हात लावल्याशिवाय ओट्यावरून उठत नव्हते. त्या गुडघ्यांनी मी पाच तारखेचा हप्ता भरणार होतो, आणि तोही बारा वर्षं पगार नसताना.

पुढच्या शनिवारी परत गेलो. विचारलं, अठ्ठावन्नलाच संपवायचं तर हप्ता किती करावा लागेल? त्याने आकडा काढून दिला : १६,६२१. म्हणजे महिन्याला १,९६७ रुपये जास्त. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसलो. एवढ्याच फरकापायी बारा वर्षं वाढली होती! त्या वेळी आमच्याकडे केबल, पेपर, दोन मोबाइल आणि दर रविवारचं बाहेरचं जेवण मिळून तेवढा खर्च सहज होत असेल. हप्ता सरळ सतरा हजार करून टाकला.

तिथेच आणखी एक गोष्ट कळली. त्याच बँकेत नव्या माणसाला कर्ज सव्वादहाने मिळत होतं आणि मी जुना म्हणून पावणेअकराने भरत होतो. दर खाली आणायचा तर शिल्लक कर्जाच्या अर्धा टक्का फी, वर सर्व्हिस टॅक्स, मिळून पावणेनऊ हजारांच्या आसपास. राग आला, पण भरले. अर्धा टक्का दर कमी म्हणजे पहिल्याच वर्षी साडेसात हजारांहून जास्त वाचणार होते, त्यामुळे सव्वा वर्षात फी वसूल. जुन्या ग्राहकाने विचारल्याशिवाय त्याचा दर खाली येत नाही, हे मी तेव्हापासून कंपनीत दिसेल त्याला सांगत आलोय.

नशीब एवढं की मुदतीआधी पैसे भरायला दंड उरला नव्हता. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावरचा तो आकार बंद करायला बँकांना सांगितलं होतं. त्याआधी बऱ्याच बँका दोन टक्के वगैरे घ्यायच्या. मी तीनदा जादा पैसे भरले. २०१४ च्या दिवाळीला बोनस आणि भिशीचे मिळून चाळीस हजार, २०१६ ला तीस, २०१८ ला पंचवीस. एकूण ९५ हजार. पुढे मुलीचं इंजिनिअरिंग सुरू झालं आणि जादा काही शिल्लकच पडेना. पण मागच्या वर्षी मी वहीत हिशेब मांडून पाहिला, त्या ९५ हजारांनी आजवर दोन लाखांहून जास्त कर्ज कापलेलं होतं. भरताना प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, समुद्रात तांब्या ओततोय.

मधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दर खाली आले तेव्हा बँक विचारायची, हप्ता कमी करू का? मी नाही म्हणायचो. कोविडमध्ये पगार तीस टक्के कापला गेला, तेव्हा मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची सवलत घेतली. सहा महिन्यांचं सदतीस हजारांच्या आसपास व्याज मुद्दलात जाऊन बसलं. त्याचं दुःख नाही. त्या सहा महिन्यांत घरात किराणा होता.

खरी मजा, म्हणजे दुसऱ्यांच्या जिवावरची मजा, २०२३ मध्ये आली. कँटीनमध्ये आमच्या टेबलावर कर्जाचा विषय क्रिकेटइतकाच चालतो. क्वालिटीत एक चौतिशीचा मुलगा आहे. त्याने २०२१ च्या सुरुवातीला तीस लाख काढले होते, ६.९ टक्क्यांनी, हप्ता तेवीस हजार. तेव्हा रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चार टक्क्यांवर होता. मे २०२२ पासून तो वाढायला लागला आणि फेब्रुवारी २०२३ ला साडेसहावर गेला. याचा दर झाला ९.४. महिन्याचं नुसतं व्याजच साडेबावीस हजार. त्याने फोन पुढे केला, म्हणाला, "काका, हे काय आलंय बघा." मी मेसेज न वाचता विचारलं, "उरलेले हप्ते किती?" चारशेच्या वर होते. तो पोरगा जेवण अर्धं टाकून उठला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं की दर बदलताना कर्जदाराला विचारा : हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं. दहा वर्षं आधी हे झालं असतं तर मीही ती पत्रं टीव्हीखाली टाकली नसती. की टाकलीच असती? सांगता येत नाही.

त्याच टेबलावर कुणाचं कितव्या वर्षी फिटलं हेही कळत गेलं. स्टोअर्सवाल्याचं चव्वेचाळीसला, गावचा प्लॉट विकून. त्याबद्दल त्याच्या भावाशी अजून बोलणं नाही. मेंटेनन्सच्या एकाचं बरोबर अठ्ठावन्नला : फंड आणि ग्रॅच्युइटी एका खात्यात आली आणि त्याच आठवड्यात गेली. एकाने पंचावन्नाव्या वर्षी मुलीच्या लग्नाला घरावरच टॉपअप घेतलं, त्याचं आता बासष्टला संपेल म्हणतो, तोवर कुठेतरी सुपरवायझरकी करणार. आणि एक शहाणा नेहमी सांगायचा, "फेडू नकोस, टॅक्स वाचतो." शंभर रुपये व्याज भरून वीस-तीस रुपये कर वाचवायचा यात कसला शहाणपणा ते मला कधी समजलं नाही. २०१३ च्या त्या वर्षी तर माझं व्याज एक लाख अडुसष्ट हजार होतं आणि वजावटीची मर्यादा दीड लाख. वरच्या अठरा हजारांवर सरकारनेही हात वर केले होते.

२०२५ च्या जुलैत शिल्लक दीड लाखावर आली. मुलगी पुण्याला नोकरीला लागली होती. एक एफडी सुटली. बायको म्हणाली, "टाक एकदाचं."

अर्ज केला, चार दिवसांनी फोरक्लोजरचं, म्हणजे मुदतीआधी कर्ज बंद करायचं, पत्र आलं : १२ ऑगस्टपर्यंत भरल्यास १,५१,३८६ रुपये, पुढे रोज ३५ रुपये व्याज. ते पस्तीस रुपये मला फार वेळ दिसत राहिले. २०१३ मध्ये हाच आकडा ४६० होता. रोज सकाळी उठायच्या आधी ४६० रुपये.

१२ ऑगस्टला मंगळवार होता, अंगारकी. बायकोचा उपास. दोघांच्या नावावर कर्ज, म्हणून दोघांनी जायचं होतं. पैसे भरायला पाच मिनिटं लागली. मग कागद परत मिळण्याचा फॉर्म, आणि तिथे गाडी अडली. बायकोची सही जुळेना. २०१० मध्ये तिने मराठीत पूर्ण नाव, सावकाश, शाळेतल्यासारखं लिहिलं होतं. पंधरा वर्षांत पतसंस्थेच्या पावत्या करून करून तिची सही दोन वेटोळ्यांवर आली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तशीच करून दाखवा." तिने स्क्रीनवर आपली जुनी सही पाहिली, हसली, आणि कोऱ्या कागदावर सराव करायला बसली. सातव्यांदा जुळली. "ही बाई कोण होती देव जाणे," एवढंच म्हणाली.

आता नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांच्या आत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजाही काढून टाकायचा. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हे लागू आहे. मला हे त्या चौतिशीच्या पोरानेच सांगितलं. तोवर तो असल्या नियमांचा कीडा झाला होता.

मी संध्याकाळी नानांना फोन केला. म्हटलं, नाना, घराचं फिटलं आज.

पलीकडून पहिला प्रश्न : "उताऱ्यावरनं उतरलं का?"

याला कारण आहे. नानांनी विहिरीसाठी गावच्या विकास सोसायटीचं कर्ज काढलं होतं, मी प्राथमिक शाळेत असताना. कांद्याला भाव लागला त्या वर्षी सगळं भरून टाकलं, पावती देवघरात ठेवली. पुढे किती तरी वर्षांनी काकांशी वाटणी करायची वेळ आली तेव्हा सातबारा काढला, तर इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचा बोजा तसाच. पैसे भरलेले, पण तलाठ्याने फेरफार घेतलेलाच नाही. नाना ती पावती घेऊन सहा महिने तालुक्याला खेटे घालत होते. तेव्हापासून त्यांच्या लेखी पैसे भरणं वेगळं आणि फिटणं वेगळं.

मी म्हटलं, "फ्लॅटचा सातबारा नसतो हो तसा. बँकेकडे मूळ करारनामा ठेवलेला असतो, तो परत आणायचा. एक केंद्र सरकारची ऑनलाइन नोंद असते, ती बँक काढते."

"मंग आणला का?"

"तीस दिवस आहेत."

"हां," एवढं बोलून त्यांनी कांद्याचा विषय काढला.

पाच सप्टेंबरला सकाळी मेसेज आला : तुमच्या खात्यातून १७,००० रुपये वजा. कर्ज नाही, हप्ता चालू! खात्यातून परस्पर वळती करायचा आदेश रद्द करायचा राहिला होता. ते पैसे नऊ दिवसांनी परत आले, पण त्या सकाळी मी खरोखर पायऱ्या दोन-दोन उतरत बँक गाठली. तुम्ही हे वाचून कर्ज मिटवायला निघाला असाल तर तो आदेश रद्द केल्याचा कागद त्याच दिवशी मागा आणि हप्त्याच्या खात्यात तेवढी रक्कम ठेवू नका.

आठ सप्टेंबरला कागद आले. कुठल्या तरी गोदामातून, प्लॅस्टिकच्या सीलबंद पिशवीत. करारनाम्याच्या कडा पिवळ्या पडलेल्या. सोबत यादी. बँकेतला माणूस एकेक वाचत होता, मी टिक करत होतो. मूळ करारनामा, आहे. नोंदणीची पावती, आहे. इंडेक्स टू, आहे. बिल्डरच्या पावत्या अकरा, आहेत. सह्या केलेले चार कोरे चेक, आहेत, त्यांवर असलेली सहकारी बँकेची माझी शाखा आता दुसऱ्याच पत्त्यावर आहे.

"घ्या, सही करा, सगळं मिळालं म्हणून."

"शेअर सर्टिफिकेट?"

"यादीत नाही."

यादी २०१० ची होती. आमच्या इमारतीची सोसायटी नोंदली गेली नंतर, तिच्या सभासदत्वाचं शेअर सर्टिफिकेट मिळालं २०१२ मध्ये, आणि बँकेने पत्र पाठवून तेही जमा करून घेतलं होतं. मी म्हटलं, दिलंय. तो म्हणाला, पोच असेल तर दाखवा. माझ्याकडे नव्हती. मी तर सही करून मोकळा होणार होतो, कारण पिशवी हातात आली होती आणि पंधरा वर्षांचं झालं की माणसाला घाई होते. बायकोने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "शेअर सर्टिफिकेट सोडून इतर कागद मिळाले असं लिहा, मग सही करू," म्हणाली. तसं लिहिलं.

पोच तिच्याकडे निघाली. आमच्या घरी बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे, त्यात मुलीच्या लसीकरणाचं कार्ड, गॅसचं जुनं पुस्तक, पाटल्या मोडल्याची सोनाराची चिठ्ठी. त्यातच, घडीवर चिरलेला, बँकेचा शिक्का मारलेला चतकोर कागद : शेअर सर्टिफिकेट एक, मिळाले. शिक्क्यावर २०१२ स्पष्ट वाचता येत होतं.

तो दाखवल्यावर बँकेचा सूर बदलला. कागद हरवला असेल तर नक्कल मिळवून देणं आणि त्याचा खर्च करणं त्यांच्याच गळ्यात येतं, त्यासाठी आणखी तीस दिवस मिळतात. ते त्यांनी स्वतःच सांगितलं, अगदी नम्रपणे. सर्टिफिकेट हरवलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या पिशवीत होतं. एकोणतीस सप्टेंबरला फोन आला, घेऊन जा.

ते घेऊन मी थेट सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. निवृत्त शिक्षक आहेत, अक्षर सुंदर. सर्टिफिकेटच्या मागे, हस्तांतराच्या तक्त्याखाली लाल शाईत लिहिलेलं होतं : सदर सदनिकेवर बँकेचा बोजा आहे. बोजा! मी नानांना सांगत होतो, फ्लॅटला तसं काही नसतं म्हणून. सेक्रेटरींनी बँकेचं ना-हरकत पत्र वाचलं, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नोंद केली, लाल ओळीवर पट्टी धरून रेघ मारली आणि खाली निळ्या शाईत लिहिलं : कर्ज पूर्ण फिटल्याने बोजा कमी केला. सही, शिक्का. मग मला पेढे आणायला पाठवलं.

दसऱ्याला नाना आले. तिसरा मजला, लिफ्ट बंद, प्रत्येक जिन्यावर थांबत. पाणी प्यायले, सोनं दिलं, आणि म्हणाले, "दाखव."

मी करारनामा काढला. त्यांनी तो बाजूला ठेवला. फोनवर बँकेचं पत्र दाखवलं, तेही नको. शेअर सर्टिफिकेट दिल्यावर त्यांनी ते उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि कागद डोळ्यांशी नेऊन लाल ओळ वाचली. मारलेल्या रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग निळी ओळ वाचली. पुन्हा वाचली.

"तारीख कुठंय?"

मी पाहिलं. सही होती, शिक्का होता. तारीख नव्हती.

"उद्या जाऊन टाकून घे," म्हणाले आणि कागद माझ्याकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सेक्रेटरी दूध आणायला खाली उतरले तेव्हा मी जिन्यात पेन घेऊन उभा होतो.